ओडवारने सांगितलेला हिरवा

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण ओडवारच्या गावाला ध्रुवप्रकाशाच्या बाबतीत तंतोतंत लागू पडत होती. जो उजेड बघायला जगभरातून माणसं तीन-तीन विमानं बदलून यायची, तो ओडवारच्या मेंढ्यांच्या गोठ्यावर सप्टेंबरपासून मार्चपर्यंत फुकट लोंबकळत असे, आणि मेंढ्यासुद्धा त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. उत्तरेच्या टोकाकडच्या लोफोतेन बेटांवरच्या त्या गावात थंडीत मान वर करून चालणारा माणूस घसरून पडतो आणि पडला की लोक त्याला महिनाभर चिडवतात. शहाण्याने पायाखाली बघावं. ओडवार चौऱ्याहत्तर वर्षं पायाखालीच बघत आला होता.

त्यामुळे नाताळानंतर तोर्डिसने, त्याच्या मुलीने, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जाणाऱ्या बोटीची दोन तिकिटं त्याच्यापुढे ठेवली आणि ध्रुवप्रकाश बघायला जाऊ म्हणाली, तेव्हा तो चक्रावलाच. तोर्डिस बोडो शहरात एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळायची. हौसमौज हा शब्द तिच्या तोंडी त्याने कधी ऐकला नव्हता. बापलेकींनी एकत्र केलेला शेवटचा प्रवास म्हणजे ती चौदा वर्षांची असताना तिची किडलेली दाढ काढायला गेले होते तो. ओडवार म्हणाला, पडदा सार, दिसेल. ती म्हणाली, पडदा सारून नको, बोटीवरून बघायचाय. यापुढे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या घरात प्रश्न विचारणं हे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं समजत.

पण विचारलं नाही याला दुसरंही कारण होतं, आणि ते ओडवारला रात्रंदिवस खात होतं.

ओडवार हा सुक्या कॉडचा शपथेवरचा पारखी. हिवाळ्यात धरलेली मासळी लाकडी मांडवांवर टांगतात, जूनमध्ये वाळून काठीसारखी झाली की उतरवतात आणि मग पारख्यासमोर येते. तो एकेक मासळी हातात घेतो, वाकवून बघतो, मानेपाशी हुंगतो, उजेडात धरतो आणि प्रत सांगतो. वीसएक प्रती आहेत. एका मासळीला जास्तीत जास्त तीन क्षण. पहिल्या प्रतीची मासळी इटलीला जाते. तिथली माणसं ती आठवडाभर पाण्यात भिजवून सणाला खातात आणि मासळीत पिवळा डाग दिसला तर बोंब मारतात. एकेचाळीस वर्षांपूर्वी मासळीच्या वखारीचा मालक एडविन याच्या बापाने, म्हणजे जुन्या मालकाने, ओडवारला तालुक्याच्या साहेबापुढे उभं करून शपथ घ्यायला लावली होती, की मैत्री बघणार नाही, वैर बघणार नाही, दिसेल तेच सांगेन. दिसेल तेच. त्या शब्दाचं तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा त्याला सगळं दिसत होतं.

आता दोन वर्षं दिव्याभोवती कडं दिसत होतं. पांढरं मळकट दिसायचं आणि मळकट तर सगळंच दिसायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याची बोटं शाबूत होती, नाक शाबूत होतं आणि चाळीस वर्षांची सवय होती, त्यावर दोन हंगाम निभले. निभले असं तो समजत होता. मग नाताळच्या आदल्या आठवड्यात एडविन घरी आला, कॉफी प्यायला आणि जाता जाता बोलला, की इटलीहून एक गठ्ठा परत आलाय, पहिल्या प्रतीत पिवळी मासळी निघाली म्हणतात. लगेच हसलाही. भाव पाडायला व्यापारी असलं काहीतरी काढतातच, म्हणाला. पण यंदाच्या हंगामाला तू पारखायला उभा राहणार की नाही ते जानेवारी संपायच्या आत सांग, असंही म्हणाला. असं त्याने याआधी कधी विचारलं नव्हतं. जून आला की ओडवार उभा राहायचा, तिथे जूनमध्ये सूर्य मावळायचा बंद होतो तसं.

आणि त्यानंतर आठवड्याभरात ही तिकिटं. चोराच्या मनात चांदणं. एडविनने तोर्डिसला फोन केला असणार. पण मग ती सरळ का बोलत नाही? आणि बोलायचंच तर चार दिवस बोटीवर कशाला न्यायचं? ओडवारने हे सगळं उलटंसुलटं करून बघितलं आणि त्याला कुठूनच टोक सापडेना.

स्तामसुंद बंदरात संध्याकाळी दोघं बोटीत चढली. बोटीवर बहुतेक परदेशी आणि उरलेले दक्षिणेकडचे, म्हणजे ओडवारच्या दृष्टीने तेही परदेशीच. प्रत्येक खोलीत भिंतीला एक कर्णा होता. आकाशात काही दिसलं की त्यातून सांगणार, मग जेवत असा नाहीतर अंघोळ करत असा, वर धावायचं. नको असेल त्याने खटका बंद करायचा. ओडवारने आधी तो खटका शोधला. तोर्डिसने तो पुन्हा चालू केला.

जेवायला त्यांच्या टेबलावर दक्षिणेकडच्या हामारची गुनवोर नावाची बाई बसत असे. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, एकटी आलेली, आणि डोक्यात आलं ते लगेच बोलून टाकणारी. ओडवार उत्तरेचा आहे हे कळल्यावर तिने त्याला जणू त्या उजेडाचा मालकच ठरवून टाकलं. आज दिसेल का, कुठल्या बाजूला दिसेल, लहानपणी तुम्हाला भीती वाटायची का. ओडवारने तिला सांगितलं, की त्याची आई पांढरं कापड हलवू द्यायची नाही, हलवलं तर तो उजेड खाली येऊन उचलून नेतो म्हणायची. गुनवोरने लगेच गळ्यातला पांढरा रुमाल काढून पिशवीत ठेवला. एवढी अक्कल दक्षिणेकडच्या माणसाला असते हे बघून ओडवारला ती जरा आवडली.

दुसऱ्या दिवशी त्रोम्सो बंदर सोडलं आणि जेवण आटोपत असताना कर्णा बोलला. खुर्च्या सरकल्या, लोकांनी तोंडातला घास गिळला न गिळला आणि जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. ओडवार कॉफी घेऊन बसून राहिला.

"बाबा, चल ना," तोर्डिस म्हणाली.

"तुम्ही बघा. मी बघितलाय."

"केव्हा?"

तो उठला.

वर वारा हाडात शिरत होता. दिवे मालवलेले होते. सगळे डावीकडच्या कठड्याला चिकटून मान वर करून, फोन उंच धरून उभे होते आणि हिरवा, हिरवा असा घोष चालला होता. ओडवारने वर बघितलं. आधी काहीच नव्हतं. मग वाटलं, काहीतरी आहे, चुलीच्या धुरासारखं, डोंगरापासून वर चाललेलं. की तो ढग होता? की त्याच्या डोळ्यातलंच ते मळकट कडं इथे दिवा नसताना नुसतंच तरंगत होतं? त्याने एक डोळा मिटला, मग दुसरा. धूर हलला. धूरच असेल.

त्याला आठवायचा प्रयत्न करून बघावासा वाटला. लहानपणी शाळेतून येताना तो उजेड डोक्यावर असायचा, हे नक्की. पण हिरवा होता का? हिरवा त्याला आठवत होता तो बोटीचं तेल विकणाऱ्या दुकानाच्या कॅलेंडरावरचा. स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं टांगलेलं ते कॅलेंडर. त्यामागे असलेलं खरं आकाश कसं होतं ते कॅलेंडराने कधीच झाकून टाकलं होतं.

शेजारी तोर्डिस उभी होती. ती फोनमध्ये बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

"कसा आहे?" तिने विचारलं.

आता आला प्रश्न, ओडवारच्या मनात आलं. म्हणजे यासाठी आणलं. एवढं सगळं या एका प्रश्नासाठी.

"हिरवा," तो म्हणाला. "ओल्या बाटलीसारखा. आणि खालच्या काठाला जरा लालसर."

कॅलेंडरात तसंच होतं. पलीकडून गुनवोरचा आवाज आला, आणि तो चांगला मोठा होता. ती म्हणत होती, की माझं काहीतरी चुकतंय, फोनात हिरवं दिसतंय पण डोळ्यांना नुसतं राखाडी दिसतंय, हे फक्त मलाच की काय? मग एक जर्मन म्हणाला मलाही राखाडीच. मग दुसरा. मग सगळेच, सुटका झाल्यासारखे. बोटीवरची लाल जाकीटवाली मार्गदर्शक मुलगी हसली आणि तिने समजावून सांगितलं, की आजचा उजेड अशक्त आहे आणि एवढ्या कमी उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेरा तो साठवून दाखवतो. जोराचा असेल तेव्हा डोळ्यांनाही दिसतो. आज सगळ्यांना राखाडीच दिसणार, घाबरू नका.

"पण ह्यांना हिरवा दिसला की," गुनवोर म्हणाली. "लालसुद्धा."

सगळ्यांनी ओडवारकडे बघितलं. मार्गदर्शक मुलगी सभ्य होती. ती म्हणाली, उत्तरेच्या माणसांचे डोळेच वेगळे. लोक हसले. तोर्डिस हसली नाही.

त्या रात्री ओडवारला झोप लागली नाही. खोटं पकडलं गेलं याची लाज होतीच, पण त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की खरं बोलला असता तर तो वाचला असता. त्याला धूर दिसला होता आणि सगळ्यांना धूरच दिसला होता. म्हणजे डोळे ठीक आहेत का? की निरोगी डोळ्यांना दिसणारा धूर वेगळा आणि त्याचा धूर वेगळा? एकेचाळीस वर्षांत लाखो मासळ्यांची प्रत सांगितली, त्यातली एकही न बघता सांगितली नव्हती. आज आभाळाची सांगितली. आणि ज्याला न बघता आभाळाची प्रत सांगता येते, त्याने गेल्या दोन उन्हाळ्यांत मासळीचं काय केलं असेल?

दुसऱ्या दिवशी बोट होनिंग्सवोगला थांबली. दोघं बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून गावात हिंडायला गेली. तोर्डिस बेकरीविषयी बोलली, वृद्धाश्रमात नव्याने आलेल्या भांडी धुण्याच्या यंत्राविषयी बोलली. ओडवार मेंढ्यांविषयी बोलला. दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवत होती. शेवटी वॅफल खाताना तिनेच म्हटलं, की तिच्याकडच्या एका म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अर्धा तास लागला, दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्र वाचायला लागला.

"बरं झालं त्याचं," ओडवार म्हणाला आणि वॅफलवरचं तपकिरी चीज सारखं करत बसला.

अर्धा तास. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी करून घेतलं होतं. ऑपरेशनला तो घाबरत नव्हता. तो घाबरत होता त्यानंतरच्या दिवसाला. नजर परत आली की तो वखारीत जाणार, माळ्यावर उरलेली गेल्या उन्हाळ्याची मासळी उजेडात धरणार, आणि मग त्याला कळणार. आज निदान कळत तरी नव्हतं. पण हे मुलीला कसं सांगायचं? ज्याला बरं व्हायचं नाही असा माणूस वेडाच ठरतो.

शेवटच्या थांब्यावरून, किर्केनेसहून, बोट परत वळली. चौथ्या दिवशी दुपारी वाटेतलं वार्दो मागे पडलं आणि पाच वाजता, गडद अंधारात, कर्णा पुन्हा बोलला. या वेळी मार्गदर्शक मुलीचा आवाजच चढला होता. ओडवार स्वतःहून उठला. रात्रभर आणि दिवसभर विचार करून त्याने एक ठरवलं होतं, की जे दिसेल तेच सांगायचं. शपथ मासळीपुरती होती, आभाळासाठी नव्हती, पण कुठूनतरी सुरुवात करायला हवी.

वर त्याने मान उचलली. धूर होता. परवापेक्षा पुष्कळ जास्त, आभाळभर, आणि तो पाण्यात कापड खळबळावं तसा हलत होता. मोठा होता, सुंदर होता, ओडवारला कबूल करावं लागलं. त्याचा ऊर भरून आला. आणि तो राखाडी होता. त्याने दोन्ही डोळे आळीपाळीने मिटून बघितले, पुरती खात्री केली. राखाडी. मासळी हातात असती तर त्याने निर्धास्त शिक्का मारला असता. त्याला कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"राखाडी," तो तोर्डिसला म्हणाला. "तुला खरं सांगू? परवाही राखाडीच दिसला होता. मी उगाच थाप मारली."

तो तिच्याकडे वळला. तिचा चेहरा वर होता आणि तोंड उघडं होतं. आजूबाजूला कुणीच फोन धरला नव्हता. गुनवोर दोन्ही हात छातीशी धरून रडत होती.

"बाबा," तोर्डिस हळूच म्हणाली, "आज हिरवा आहे."

"फोनात?"

"नाही रे. डोळ्यांनी. सगळं हिरवं झालंय. तुझं तोंडसुद्धा."

ओडवारने पुन्हा वर बघितलं. धूर तसाच होता. त्याने हातमोजा काढून हात समोर धरला. हात राखाडी होता.

तोर्डिसने तो हात धरला आणि मग ती सगळं बोलली. नाताळात तिने बघितलं होतं, की तो कॉफी ओतताना कपात बोट घालून कुठवर आली ते बघतो. डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर तो गोठ्यात जाऊन बसला असता. म्हणून तिला वाटलं, की इथे आणावं, म्हणजे त्याला स्वतःलाच कळेल, कुणाला सांगावं लागणार नाही. ओडवारने एडविनच्या फोनाचं विचारलं. एडविनचा काय संबंध? एडविनशी ती आईच्या अंत्यविधीनंतर बोललेलीही नव्हती.

म्हणजे कुणीही काहीही केलेलं नव्हतं. सगळा कट ओडवारनेच रचला आणि ओडवारच त्यात अडकला. त्याला हसूही आलं, पण ते टिकलं नाही. त्याने तोर्डिसकडे फोन मागितला आणि एडविनचा नंबर लावायला सांगितला. ती म्हणाली, खाली ऊबेत जाऊन कर. तो म्हणाला, इथूनच.

एडविन जेवत होता. ओडवारने प्रस्तावना केली नाही. तो म्हणाला, मला रंग दिसत नाहीत, दोन वर्षं झाली, तुला सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. परत आलेला गठ्ठा ही माझीच चूक. मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो. जूनमध्ये उभा राहीन की नाही ते नंतर ठरव, पण त्याआधी माळ्यावरची जुनी मासळी माझ्यापुढे टाक. किती चुकलो ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

पलीकडे चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस," एडविन म्हणाला. "तसं काही सापडणार नाही तुला."

"का?"

"अरे, तू गेल्यावर मी परत बघतो सगळं. दर रविवारी. दोन वर्षं झाली."

ओडवारला समजलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. एडविन अवघडून बोलू लागला. गेल्याच्या आदल्या जूनमध्ये त्याच्या लक्षात आलं होतं, की ओडवार मासळी उजेडात धरतो पण डोळे भलतीकडेच असतात. बोलायचं कसं? बापाने शपथ दिलेला माणूस. मग त्याने ठरवलं, की सहा दिवस ओडवारने प्रत सांगावी, शिक्का मारावा, आणि रविवारी वखार बंद असताना आपण गठ्ठे उघडून पुन्हा लावावेत. मग पुन्हा बांधायचे, ओडवारच्याच शिक्क्याने. गड्यांना माहीत होतं. गावातही बऱ्याच जणांना माहीत होतं. कुणी बोललं नाही, बस्स.

"मग तो परत आलेला गठ्ठा?" ओडवारने विचारलं.

"तो माझ्या नजरेतून सुटला. मी काय पारखी थोडाच आहे?" एडविन म्हणाला. "म्हणून तर विचारलं यंदाचं. मलाही आता रविवार जमत नाहीत. पण तू म्हणशील तसं करू, ओडवार. उभा राहायचं असेल तर रहा."

वर आभाळात काहीतरी झालं असावं, कारण कठड्याशी सगळे एकदम ओरडले. ओडवारने फोन कानावरून काढला. दोन उन्हाळे तो पहाटे उठला होता, स्वच्छ सदरा घातला होता, टेबलाशी उभा राहून खड्या आवाजात प्रती सांगितल्या होत्या आणि गड्यांनी त्या निमूट लिहून घेतल्या होत्या. त्यांनी चेष्टा केली नव्हती. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं. या दोहोंत काय बरं, हे त्याला सांगता येत नव्हतं. एडविनवर चिडावं की त्याचे पाय धरावेत, हेही कळत नव्हतं.

"काय म्हणतोय?" तोर्डिसने विचारलं.

"म्हणतो, ओडवार, तुझी काही चूक नाही," ओडवार म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.